हत्तीच्या डोळ्यातलं बिऱ्हाड

त्या माणसाला लबाड तुम्ही केलंत. तुम्ही म्हणजे तुम्हीच, आमच्या इमारतीचा कारभार ज्या कचेरीतून चालतो तिथे खुर्च्या उबवणारे. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, त्या टेबलावर आता दुसरे साहेब बसतात. टेबल तेच आहे ना? मग टेबलाला सांगतो. गेरोल्ड रूओफ हा आखवाइलर गावातला सगळ्यात सरळ माणूस होता. रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही, वरून पाऊस कोसळतोय आणि पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल, तर हा गृहस्थ निथळत उभा राहायचा. अशा माणसाला स्वतःच्याच जिन्यात चोरून वस्तू ठेवावी लागली, चर्चमध्ये पालथं पडावं लागलं आणि भर प्रार्थनेत एका जिराफाची मान मोडावी लागली. सगळं एका ओकच्या बोंडापायी. बोंड केवढं? अंगठ्याच्या पेराएवढं. तुमची अक्कल त्यात घातली असती तरी आत राहणाऱ्यांना अडचण झाली नसती.

गेरोल्ड चौकातल्या दुकानात चष्म्यांच्या काचा बसवतो. दिवसभर डोळ्याला भिंग. असा माणूस संध्याकाळी मुंग्यांकडे वळला तर नवल नाही. काहीजण दारूकडे वळतात, त्यांना कुणी अर्ज भरायला लावत नाही.

आमच्याकडे मुंग्या पाळणाऱ्यांचं मंडळ आहे. खाणावळीच्या मागच्या खोलीत ते जमतात, बिअर पितात आणि ज्या मुंग्या आपल्याकडे नाहीत त्यांच्या नावानं उसासे टाकतात. एकाला लाकूड पोखरणारी ती मोठी काळी-तांबडी मुंगी हवी असते, जिची राणी उडत आली तर लोक भुंगा समजून खिडकी लावतात. दुसऱ्याला स्पेनमधली हवी, दाणे गोळा करून, चावून चावून त्यांची भाकर करणारी. तांबड्या रानमुंगीचं नाव तर दबक्या आवाजात घेतात, कारण तिच्या वारुळाला कायद्याची राखण आहे. बघायचं, हात लावायचा नाही. आणि ती एक, जिला स्वतः होऊन घास घेता येत नाही, म्हणून दुसऱ्यांची पिल्लं पळवून आणते, वाढवते आणि जन्मभर त्यांच्याकडून भरवून घेते. हिची कहाणी ऐकल्यावर गेरोल्डची बायको गुड्रुन म्हणाली होती, "असला एक घरात आहे. दुसरा नको."

पण या सगळ्यांवर वरताण एक मुंगी आहे. तिळाएवढी. ओकच्या बोंडात साध्या गरीब मुंग्यांचं बिऱ्हाड असतं. एका बोंडात राणी, कामकरी, पिल्लं, सगळं गाव. हिची राणी एक दिवस त्यात शिरते, घरच्या राणीचा गळा धरते आणि तशीच बसून राहते, ती मरेपर्यंत. मग सगळं घर निमूटपणे हिची धुणीभांडी करू लागतं. (इमारतींचे कारभारी कुठून येतात हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता पडत नाही.) मंडळाचा अध्यक्ष वोल्फडिटर, ज्याच्या तळघरात भिंतीभिंतीला मुंग्यांच्या काचपेट्या आहेत, तो अर्धं आयुष्य ही मुंगी शोधत होता. ती त्याला मिळाली नाही. गेरोल्डला मिळाली, तीही तो बायकोबरोबर अळंबी गोळा करायला रानात गेला असताना. दम लागला म्हणून ओंडक्यावर बसला, पायाशी एक भोक पडलेलं बोंड होतं, सवयीनं खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं, आणि उठलाच नाही.

अळंबी रानातच राहिली. गुड्रुननं पुढचे काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

गेरोल्डनं वोल्फडिटरला फोन करून हे सांगितलं.

"विकतोस?"

"नाही."

"मग काय मागशील ते सांग."

"काही नाही. हिवाळाभर झोपू देणार. वसंतात या बघायला."

"गेरोल्ड," अध्यक्ष म्हणाला, "तुला मी मंडळात घेतलं तेव्हा तू मला साधा माणूस वाटला होतास."

उभ्या जन्मात गेरोल्डचा कुणी हेवा केला नव्हता. त्या रात्री तो जेवताना गाणं गुणगुणत होता असं गुड्रुन सांगते. जेवणात मसुरीची उसळ आणि नूडल्स होते, म्हणजे गुणगुणण्यासारखं काही नव्हतं.

इथेच थांबला असता तर तो सुखी माणूस म्हणून मेला असता. पण त्यानं घराचा करारनामा काढून वाचला. त्यात लिहिलं होतं की जनावर पाळण्यापूर्वी परवानगी घ्यावी. त्यानं जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या एगोन श्टेर्कना गाठलं. हे निवृत्त शाळामास्तर. निवृत्त झाले तरी जिन्यात तास घेतात.

"घरात माशी शिरली की कचेरीला कळवता का?" श्टेर्क म्हणाले.

"माशी पाळलेली नसते."

"रूओफ, नीट ऐका. जे विचारलं नाही त्याला कुणी नाही म्हणत नाही. उभ्या नोकरीत मी एवढंच शिकलो."

"पण करारात जनावर असं स्पष्ट लिहिलंय."

"जनावर म्हणजे पायात येऊन ज्याच्यामुळे आपण पडतो ते."

"मुंगीला सहा पाय असतात, श्टेर्कसाहेब."

"मग भोगा," असं म्हणून मास्तरांनी दार लावून घेतलं.

हे बोलणं तळमजल्यावरच्या फ्लायडररबाईंनी ऐकलं. आमच्या जिन्यात बोललेलं तळमजल्यावर आधी पोचतं आणि समोरच्याच्या कानात मागाहून. बाई भल्या आहेत. लगेच वर आल्या आणि गेरोल्डच्या हातात बेकिंग पावडरची पुडी ठेवली. "भोकापाशी शिंपडा. सकाळी एकही दिसायची नाही. माझ्या आईचा उपाय."

"बाई, मला त्या हव्या आहेत."

"हव्या?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग गुड्रुनकडे, आणि गुड्रुनचा हात हातात घेऊन नुसता दाबला. असं आपल्याकडे अंत्यविधीला करतात.

शेवटी त्यानं तुम्हाला विचारलंच. आ बैल मला मार. आणि बैलानं काय केलं? कुत्र्यांचा छापील अर्ज पाठवला. जात कोणती, खांद्यापर्यंत उंची किती, लस टोचली का, घरात एकटं ठेवल्यास भुंकतं का. गेरोल्डनं सगळं खरं भरलं. उंची दुकानातल्या यंत्रावर मोजून भरली. भुंकण्याच्या रकान्यात "अद्याप ऐकलेलं नाही" असं लिहिलं, कारण ठाम विधान करायला त्याच्याकडे पुरावा नव्हता. आणि जनावरांच्या संख्येपुढे लिहिलं, "नक्की सांगता येत नाही, शंभराच्या आत."

तुमचं उत्तर आलं की निर्णय होईपर्यंत सदर जनावरं सदनिकेत ठेवू नयेत. शंभर कुत्री डोळ्यांपुढे आली असतील, मी समजू शकतो. पण अर्जावर उंची तिळाएवढी लिहिलीय, ती वाचायला कुणाला पाठवायचं? बंद डबीतल्या किड्यामुंगीला कुणाची परवानगी लागत नाही, हे श्टेर्कना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, चौकातल्या पाववाल्यालाही ठाऊक आहे. तुम्ही तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

गेरोल्डनं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. सदनिकेत ठेवू नये. बाल्कनी सदनिकेतच येते. तळघरात बॉयलरची ऊब, तिथे हिवाळी झोप मोडेल. दुकानात मालकिणीला मुंग्यांचं वावडं. मंडळात न्यावं तर वोल्फडिटर. मग त्याच्या लक्षात आलं की जिना सदनिकेत येत नाही.

"आणि जिन्यात एकटं बोंड बघून लोक काय म्हणतील?" गुड्रुननं विचारलं.

म्हणून त्यानं एका लाकडी ताटलीत ओकची आणखी मूठभर बोंडं, चार चेस्टनट आणि पिवळी पानं मांडली, मधोमध आपलं बोंड ठेवलं आणि ताटली मधल्या थांब्यावरच्या गार खिडकीत ठेवली. शरद ऋतूची सजावट. ठेवताना त्याचे कान लाल झाले होते. सरळ माणूस वाकडा व्हायला लागला की आधी कानाला कळतं.

आता त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी फ्लायडररबाईंची होती. पाळीची लाकडी पाटी ज्याच्या दाराला लटकते, त्या आठवड्यात जिना त्याचा. इतर वेळी आम्ही जिन्यात फक्त पाहुणे. बाईंनी खिडकी पुसायला घेतली, ताटली दिसली. जिन्यात वस्तू ठेवायला बंदी, आग लागली तर वाट हवी, हा नियमही तुमचाच. बाईंनी ताटली उचलली. पण श्वाबियातली, म्हणजे जर्मनीच्या आमच्या या काटकसरी मुलखातली, बाई फेकत काही नाही. पानं कंपोस्टमध्ये गेली, ताटली धुऊन रूओफांच्या दाराशी आली आणि चेस्टनट-बोंडं पिशवीत भरून बाई चर्चला गेल्या.

गेरोल्ड कामावरून आला. दारात स्वच्छ रिकामी ताटली. तो तसाच तळमजल्यावर धावला.

"बाई, ताटलीत होतं ते?"

"अहो, वाया कशाला घालवायचं? गालिच्याला लागतच होतं. उद्या सुगीचा रविवार नाही का."

दरवर्षी सुगीच्या आभारासाठी आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे दाण्यांचा गालिचा घालतात. म्हणायला गालिचा, करणी रांगोळीची. गहू, मसूर, मका, खसखस, मोहरी, भोपळ्याच्या बिया, सगळं सुटं मांडलेलं, चिकटवायचं नाही. यंदा चित्र नोहाच्या तारवाचं होतं, प्रलयात सगळ्या जनावरांना वाचवणाऱ्या त्या जहाजाचं. बायका आठवडाभर गुडघ्यांवर होत्या. फ्लायडररबाईंकडे हत्ती होता. काळ्या खसखशीचा.

"कुठं लावलंत?" गेरोल्डनं विचारलं.

"काही तारवाच्या कठड्याला, काही झाडांना. मी काय नावं विचारत बसले बोंडांची?"

इथे सांगायला हवं की गेरोल्डनं चर्च सोडलं होतं. रीतसर, सरकारी कचेरीत जाऊन, सही करून. फादर आन्सेल्मशी पूर्वी झालेल्या एका वादात तो म्हणाला होता की या दारातून मी आता आडवाच येईन. तो दिलेला शब्द पाळणारा माणूस. त्या संध्याकाळी वेदीपुढे, गालिच्याभोवती बांधलेल्या दोरीबाहेर तो पालथा पडला होता, डोळ्यात अडकवलेलं भिंग, दोन्ही हात अंगाखाली घट्ट दाबलेले. एक शिंक आली असती तर प्रलय दुसऱ्यांदा झाला असता.

बोंडांना भोकं होती. पण भोक जवळपास प्रत्येक बोंडालाच असतं, एक किडा तो उद्योग उन्हाळाभर करतो. एका भोकातून भुसा निघाला, एकातून गोरी गुबगुबीत अळी बाहेर डोकावली आणि त्याला बघून परत आत गेली. कठडा झाला, झाडं झाली. दोरीपासून दूर, हत्तीपर्यंत भिंग पोचत नव्हतं.

"रूओफसाहेब!" मागून फादर आन्सेल्मचा आवाज. "किती वर्षांनी!"

गेरोल्ड आडवाच राहून म्हणाला, "मी एक वस्तू शोधतोय, फादर."

"शोधा," फादर म्हणाले. "इथे आजवर कुणी घाई केलेली नाही." आणि पाऊल न वाजवता निघून गेले. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाला ठाऊक होतं की चष्मेवाल्या रूओफला उपरती झाली.

रविवारी तो पहिल्या बाकावर बसला. गुड्रुन शेजारी. तिला त्याची दया येत होती, पण नवऱ्याची दया येत असल्याचं तोंडावर दाखवायची तिच्या माहेरी पद्धत नव्हती. चर्च खच्चून भरलेलं, हीटर लावलेला, त्यात दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा सरकत सरकत येऊन नेमका हत्तीच्या कपाळावर थांबला. फादर कृतज्ञतेवर बोलत होते. ते लांबतं.

पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "ए, हत्ती रडतोय बघ."

"गप गं."

"अगं, खरंच. टिपं येतायत."

आणि खरंच येत होती. हत्तीच्या डोळ्यातून एक पांढरा ठिपका निघाला, काळ्या गालावरून संथपणे खाली आला. मागून दुसरा. मग तिसरा. बाईंनी डोळ्याच्या जागी लावलेलं ते बोंड उन्हानं तापलं होतं. आतल्या मुंग्यांनी घर सोडायचं ठरवलं होतं आणि एकेक पांढरं पिल्लू तोंडात धरून त्या खसखशीवरून चालल्या होत्या. मालकिणीची पोरं आणि मोलकरणींचे पाय. मुंग्या दुरून दिसत नव्हत्या, दिसत होती ती टिपं. कुजबुज मागच्या बाकांपर्यंत गेली. मागच्यांनी उभं राहून बघायला सुरुवात केली. फादरना वाटलं, आज प्रवचन लागू पडतंय, त्यांनी आणखी लांबवलं.

फ्लायडररबाईंना मात्र लांबचं चांगलं दिसतं. त्यांचा चष्मा गेरोल्डनंच बसवलेला. "मुंग्या!" त्या पुटपुटल्या, "माझ्या हत्तीत!" आणि तडक मागच्या खोलीत गेल्या, जिथे प्रार्थनेनंतरच्या केकची तयारी ठेवलेली असते. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बेकिंग पावडरची पुडी होती. तोंड फाडलेली.

आता गेरोल्डपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसला असता तर तो निर्दोष राहिला असता. परवानगी नसलेलं जनावर त्याच्याकडे कधी नव्हतंच, असं तो तुमच्यापुढे छाती पुढे काढून सांगू शकला असता. आणि बोंड सापडल्यापासून लोक ज्या नजरेनं त्याच्याकडे बघू लागले होते ती नजर, ती राणी, तो येणारा वसंत, सगळं एका चिमटीत पांढरं झालं असतं. बाईंनी वाकून पुडी तिरकी केली.

"थांबा!" गेरोल्ड ओरडला. "त्या माझ्या आहेत!"

आणि दोरी ओलांडून धावला. दोरी ओलांडताना त्याचा डावा गुडघा जिराफाच्या मानेवर टेकला. मक्याचे दाणे वेदीच्या पायऱ्यांवर टपटपले. फादरांचं प्रवचन अर्ध्या वाक्यात तुटलं. हत्तीपुढे हात पसरून चष्म्याच्या दुकानातला माणूस, त्याच्यापुढे पुडी धरलेली फ्लायडररबाई.

"तुमच्या?" बाई म्हणाल्या. "जिन्यातल्या ताटलीत तुम्ही मुंग्या ठेवल्या होत्या? माझ्या आठवड्यात?"

"हो."

"आणि मला म्हणालात सजावट."

"मी काहीच म्हणालो नव्हतो, बाई. ते जास्त वाईट आहे, मला ठाऊक आहे."

श्टेर्क मास्तर मागून मोठ्यानं म्हणाले, "मी सांगितलं होतं, विचारू नका!"

फादर आन्सेल्म खाली उतरले. त्यांनी जिराफाकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं, गेरोल्डकडून भिंग मागून घेतलं आणि गुडघे टेकून बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. ओळ हत्तीच्या गालावरून तारवाच्या फळीवर चढली होती आणि शिडाच्या टोकाशी ठेवलेल्या एका अक्रोडात, जिथे शिवण जरा उकललेली होती, आत जात होती. शेवटी मोठी मालकीण, म्हणजे राणी, आली, चौघींनी ढकलत आणलेली.

"फ्लायडररबाई, पुडी मिटा," फादर म्हणाले. "तारवात चढलेल्या जनावराला खाली उतरवायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही. गालिचा उचलेपर्यंत ती इथेच राहतील."

बघितलंत? ना अर्ज, ना खांद्यापर्यंत उंची. गुडघे टेकले, भिंग लावलं, बघितलं आणि सांगितलं. तुमच्यापैकी एकाला तरी वाकता येतं का?

जिराफाची मान गेरोल्डनंच पुन्हा घातली, बाईंच्या नजरेखाली. ती थोडी आखूड झाली. पुढे गालिचा होता तितके दिवस तो रोज संध्याकाळी येऊन पहिल्या बाकावर बसायचा. एकदा वोल्फडिटर आला, अक्रोडाकडे बघून "नुसतं कवचच दिसतंय की!" एवढंच म्हणाला आणि मग तोही येऊ लागला. फादर दोघांना काही विचारत नसत. दाराला कुलूप घालायच्या आधी ते एकदा खोकत.

नोव्हेंबरात गालिचा उचलला. दाणे पाखरांना गेले. फ्लायडररबाईंनी अक्रोड स्वतः उचलला, रुमालात गुंडाळला आणि गेरोल्डच्या हातात दिला. "घ्या तुमचं बिऱ्हाड. आणि जिन्यात ठेवलंत तर याद राखा. या आठवड्यात पाटी तुमच्या दाराला असली तरी."

तो घरी आला. दुसऱ्या मजल्यावर आपल्या दारापुढे थांबला. किल्ली कुलपात घातली आणि फिरवेना. चर्चमधली जागा बंद झाली. जिना बंद. बाहेर झाडावर ठेवावं तर खारी अक्रोडासाठीच जगतात. आणि आत, सदनिकेत, निर्णय होईपर्यंत ठेवू नये.

गुड्रुननं आतून दार उघडलं. "आत ये. जेवण गार होतंय."

"पत्र आलं का त्यांचं?"

"नाही आलं. ये तू."

"मग कसं येऊ?"

"अरे, कोण बघायला बसलंय?"

"गुड्रुन, मी एकदा न विचारता ठेवलं. त्याचं काय झालं ते तू पाहिलंस."

तिनं आतून स्टूल आणून बाहेर, त्याच्या बाजूला ठेवलं. तो बसला. मी वर जाताना बघितलं, अक्रोड या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात चालला होता. तळहाताची ऊब लागली की त्या जाग्या होतात, आणि हिवाळ्यात जाग्या झालेल्या मुंग्यांना खायला काही मिळत नाही.

तेव्हा कचेरीतल्या साहेबांनो, तुमचा शिक्का, तुमचा जावक क्रमांक, तुमचे "सदर" आणि "उपरोक्त" तुमच्यापाशी ठेवा. माणूस स्वतःच्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसलाय. एका शब्दात सांगा, आणि आत्ता सांगा. त्यानं आत जायचं की नाही?